दांडी कुणाच्या हाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर जी नवी चोपडी पुजली जाते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने दोन शब्द लिहिलेले असतात: शुभ आणि लाभ. आता हिशेब यंत्रावर चालतात, म्हणून यंत्रालाच हळदकुंकू लागते. पण ते दोन शब्द कुठे ना कुठे, निदान दुकानाच्या चौकटीवर, उमटतातच. मला या जोडीचे नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. सख्ख्या भावांसारखे ते शेजारी शेजारी बसतात खरे, पण सख्ख्या भावांचे तरी रोज कुठे पटते? लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणायचे असते? जो जो लाभ होईल तो शुभच मानावा, असे? की जेवढा शुभ असेल तेवढाच लाभ आमच्या पदरात पडू दे, असे? पहिला अर्थ घेतला तर व्यापारात कुठल्याच प्रश्नाला जागा उरत नाही. दुसरा घेतला तर प्रत्येक सौद्यापाशी थांबून विचार करावा लागतो. दिवाळीच्या गडबडीत हा विचार वाचकांपुढे ठेवणे काहीसे अवेळी वाटेल. परंतु वर्षातून एकदा लक्ष्मी घरात येते ती याच दिवसांत, आणि पाहुणा कुठल्या वाटेने आला याची चौकशी तो आल्यावरच करता येते.

‘धंदा म्हटला की थोडेफार इकडेतिकडे व्हायचेच,’ हे वाक्य मी इतक्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे की ते वाईट माणसांचे तत्त्वज्ञान आहे असे मला मुळीच म्हणवत नाही. ही माणसे घरी खोटे बोलत नाहीत, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जातात, दुधात पाणी आढळले की संतापतात. पण आपल्या दुकानाची फळी उघडली की त्यांना वाटते, इथे नियम निराळे. मापात पाप हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका जुना झाला आहे की त्यातले पाप आता कुणाला टोचत नाही.

आपल्या पूर्वजांना मात्र तो प्रश्न टोचत होता. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले, अंडी घातली, पिले मोठी होऊन उडून गेली. आपल्यासारखा धर्म कुणाला साधला नाही असे त्याला वाटू लागले, तेव्हा त्याला ऐकू आले की वाराणसीतल्या तुलाधार नावाच्या वाण्याची बरोबरी तुला करता यायची नाही. जाजली गेला, तर तुलाधार आपल्या दुकानात माल विकत बसलेला! त्याने तपस्व्याला सांगितले ते एवढेच, की माझा तराजू सर्वांना सारखा आहे. व्यासांनी मोक्षाची चर्चा चालू असताना एका दुकानदाराला गुरूच्या आसनावर बसवले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. कौटिल्याची भूमिका अर्थातच वेगळी. त्याचा व्यापाऱ्याच्या सद्‌गुणांवर भरवसा नव्हता. त्याने देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० एवढाच नफा घ्यावा असे बांधून दिले, खोट्या मापाला दंड सांगितला, आणि चोर न म्हणवता चोरी करणाऱ्यांत वाण्याची गणना करून तो मोकळा झाला. एकाने व्यापाऱ्याच्या मनावर विश्वास टाकला, दुसऱ्याने राजाच्या दंडावर. या दोन टोकांमध्ये जगाचा व्यापार आजतागायत हेलकावे खात आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक किराणा दुकानदार होता. पोरांच्या हाती चिठ्ठी देऊन आया त्याच्याकडे सामान आणायला पाठवीत. पोरगे समोर असले की तो तराजू जरा जास्तच उंच धरी, काटा स्थिर होईपर्यंत थांबे, आणि पुडीवर पेन्सिलीने वजन आणि भाव लिहून देई. वर्ताळा म्हणून गुळाचा खडा हातावर पडे तो वेगळाच. माझ्या वडिलांनी एकदा त्याला विचारले, ‘अण्णा, मोठ्या माणसांच्या वेळी इतका वेळ लावत नाही तुम्ही!’ तो म्हणाला, ‘मास्तर, मोठा माणूस काटा बघतो. पोरगं बघत नाही. मग कुणी तरी बघायला नको?’

पुढे कॉलेजात कांट वाचताना मी थबकलो, कारण १७८५ साली लिहिलेल्या त्याच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात जवळजवळ हाच दुकानदार मला भेटला. कांट म्हणतो, की अजाण मुलालाही वाजवी भावाने माल देणारा दुकानदार योग्य तेच करतो यात शंका नाही. पण तेवढ्यावरून तो कर्तव्य म्हणून तसे करतो असे ठरत नाही. पोराला फसवले तर आई येईल, बोभाटा होईल, गिऱ्हाईक तुटेल, हाही त्याचा हिशेब असू शकेल. म्हणजे प्रामाणिकपणा आणि प्रामाणिकपणाचा फायदा या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. आमच्या अण्णांच्या मनात काय होते ते मला कधीच कळणार नाही. कदाचित त्यांनाही ते नेमके सांगता आले नसते. कसोटी लागते ती ज्या दिवशी दोन्ही गोष्टींच्या वाटा फुटतात, म्हणजे प्रामाणिकपणाने तोटा होणार असतो आणि लबाडी कुणाला कळणार नसते, त्या दिवशी.

अण्णांच्या दुकानात निदान एक सोय होती: तराजूची दांडी कुणाच्या हाती आहे ते दिसत होते. कारखाने आणि कंपन्या आल्या आणि ती दांडी दिसेनाशी झाली. इंग्लंडमध्ये १८५५ साली मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला. कंपनी बुडाली तर भागधारकाने आपल्या भागापुरतेच गमवावे, त्याच्या घरादाराला झळ लागू नये, ही त्यातली कल्पना. ती नसती तर सामान्य माणसांचा पैसा एकत्र येऊन आगगाड्या, गिरण्या, वीजघरे इतक्या झपाट्याने उभी राहिली नसती, हे मान्यच केले पाहिजे. पण पैशाची जबाबदारी मर्यादित झाली तशी मनाचीही झाली. मालकाने मजुराचे तोंड पाहिलेले नसते, भागधारकाने कारखाना पाहिलेला नसतो, आणि गिऱ्हाइकाला यांपैकी कुणीच ठाऊक नसते.

ही तुटलेली ओळख पुन्हा जोडण्याचा एक प्रयत्न आपल्या मुंबईत झाला, तो पुस्तकांतून नव्हे तर गिरणगावातून. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. यांत दान मागितलेले काहीच नाही, हे लक्षात घ्यावे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आज घरोघर रविवार उजाडतो तेव्हा तो कुणी तरी भांडून मिळवलेला आहे याची आठवण क्वचितच कुणाला होते. व्यापारनीतीच्या इतिहासाची सुरुवात पंडित मंडळी बहुधा विद्यापीठांपासून करतात. मला ती अशा सभांपासून करावीशी वाटते.

विद्यापीठांना जाग आली ती पुष्कळ उशिरा, आणि जाग आणणाऱ्या घटनांपैकी एक मोठी गमतीची होती. १९६१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या न्यायालयात २९ कंपन्यांना दंड झाला. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस या बड्या कंपन्या त्यांत होत्या. विजेची अवजड यंत्रे विकताना मोहोरबंद निविदांत कुणी किती भाव भरायचा आणि कुणाची पाळी कधी, हे त्यांचे अधिकारी आपापसांत ठरवीत. आणि एका मालाच्या बाबतीत ही पाळी चंद्राच्या कलांवरून लावलेली होती! आपण चंद्र पाहून संकष्टी सोडतो, त्यांनी चंद्र पाहून भाव फोडले. सात अधिकाऱ्यांना प्रत्येकी ३० दिवसांची कैद झाली. ही माणसे गुंड नव्हती. आपापल्या गावांत प्रतिष्ठित, देवळात जाणारी, मुलाबाळांत रमणारी अशी ती होती. त्यांतल्या एका कंपनीत तर असे संगनमत करू नये असा लेखी नियम वर्षानुवर्षे होता. नियम कपाटात होता आणि रीत माणसांच्या अंगात होती. आपण केले ते बेकायदा, पण वाईट नव्हे, असे त्यांच्यापैकी काहींना मनापासून वाटत होते. ‘थोडेफार इकडेतिकडे’ हे तत्त्वज्ञान केवळ आपल्याच बाजारपेठेतले नाही, याचे मला तेव्हा जरा समाधानच वाटले.

त्याआधी १९५३ साली हॉवर्ड बोवेन या अर्थशास्त्रज्ञाने उद्योजकांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर पुस्तक लिहिले होते. १९६१ मध्येच रेमंड बॉमहार्ट या जेझुइट पाद्र्याने उद्योजकांना प्रश्नावली पाठवून त्यांच्या नीतिकल्पनांचा शोध घेतला. १९६८ साली आल्बर्ट कार नावाच्या लेखकाने उलट बाजू मांडली: धंदा हा पोकरच्या जुगारासारखा आहे, पत्ते लपवणे आणि हूल देणे हा खेळाचाच भाग, घरातली नीती तिथे लावू नका. १९७० साली मिल्टन फ्रीडमन यांनी आपला गाजलेला लेख लिहिला, की कंपनीची जबाबदारी एकच, आपला नफा वाढवणे. या धुमश्चक्रीत तत्त्वज्ञ उतरले. नोव्हेंबर १९७४ मध्ये कॅन्सस विद्यापीठात व्यापारनीतीवर पहिली परिषद भरली. १९८० च्या सुमारास मंडळे स्थापन झाली, १९८२ पासून स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. १९८४ साली एड फ्रीमन यांनी सांगितले, की कंपनी भागधारकांची तशीच कामगारांची, गिऱ्हाइकांची, माल पुरवणाऱ्यांची आणि शेजारच्या वस्तीचीही देणेकरी असते. अशा रीतीने वाण्याच्या तराजूचा प्रश्न एक शास्त्र होऊन बसला.

फ्रीडमन यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कंपनीचा व्यवस्थापक दानधर्म करतो तेव्हा तो पैसा त्याचा नसतो. दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्याचा त्याला काय अधिकार? हे ऐकताना मला देहूच्या सावकारी घराण्यातले तुकोबा आठवतात. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण परंपरा आणखी एक बारकावा सांगते, तो आपण विसरतो. त्यांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या भावाची, कान्होबाची, वाटणी त्याच्या हाती दिली, आणि बुडवली ती फक्त आपली. औदार्य आपल्याच वाट्यातून करावे, हे फ्रीडमन यांच्याआधी तीनशे वर्षे त्यांना कळले होते.

मात्र इथेच नीट फोड केली पाहिजे. दान करणे वेगळे आणि न फसवणे वेगळे. दान हे वरकड आहे. ते दिले तर स्तुती, न दिले तर तक्रार नाही. न फसवणे हे देणे आहे. फ्रीडमन यांनीही कायदा आणि समाजातले नीतीचे संकेत पाळूनच नफा मिळवावा असे लिहिले होते. त्यांचे नाव घेणारे पुष्कळ लोक तेवढाच भाग गाळतात. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. त्यातून शाळा, दवाखाने झाले, हे चांगलेच झाले. पण त्या दोन टक्क्यांनी उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा जमाखर्च शुद्ध होत नाही. नदीत रसायन सोडणाऱ्याने नदीकाठी बाग लावून दिली, म्हणून मासे जिवंत होत नाहीत.

कार यांच्या पोकरचे काय? त्याला माझे उत्तर साधे आहे. जुगाराच्या टेबलाभोवती माणसे आपण होऊन बसतात, खेळाचे नियम त्यांना ठाऊक असतात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जी माणसे झोपली होती त्यांनी कुठला डाव मांडला होता? युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. कारखाना तोट्यात होता, काटकसर चालू होती. राजकुमार केसवानी या तिथल्या पत्रकाराने १९८२ पासून धोक्याचे लेख लिहिले होते. हजारो माणसे मेली, त्याहून किती तरी अधिक आयुष्यभराची अधू झाली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० साली काही भारतीय अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. मूळ कंपनीचे प्रमुख त्या खटल्याला सामोरे न जाताच २०१४ मध्ये वारले. त्या रात्री दांडी कुणाच्या हाती होती? विचारत गेलो तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येकाचे थोडे थोडे खरेही असते. एवढे मोठे पाप इतक्या लहान लहान वाटण्यांत विभागता येते, हीच कंपनी नावाच्या यंत्रातली भीतीची जागा आहे.

अशीच आणखी एक वाटणी फोर्ड कंपनीच्या १९७३ सालच्या एका टिपणात दिसते. गाडी उलटली असता इंधन गळून आग लागू नये म्हणून दर गाडीमागे ११ डॉलरची सुधारणा करावी का, याचा तो हिशेब. १८० मृत्यू, दर मृत्यूची किंमत २ लाख डॉलर; एकूण फायदा सुमारे ४.९५ कोटी, खर्च १३.७ कोटी. सुधारणा परवडत नाही! न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की हे टिपण सरकारी खात्याला सादर केलेले होते, आणि माणसाची ती किंमतही त्या खात्यानेच काढलेली होती. म्हणजे कुणी खलनायक अंधारात बसून हे लिहीत नव्हता. बेरीज बरोबर होती. माणसाचा जीव ज्या रकान्यात मांडला तो रकाना चूक होता.

यावर उपाय म्हणून कंपन्यांनी नीतीच्या संहिता छापल्या. आपल्या गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या एन्रॉन कंपनीची संहिता ६४ पानांची होती. संचालक मंडळाने आपल्या मुख्य वित्ताधिकाऱ्यासाठी हितसंबंधांचा नियम बाजूला ठेवला, आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. उलट जॉन्सन अँड जॉन्सनने १९४३ साली एक पानभर वचननामा लिहिला होता. १९८२ मध्ये त्यांच्या टायलेनॉल गोळ्यांत कुणी तरी विष मिसळून शिकागो भागात सात माणसे मारली, तेव्हा कंपनीने आपला दोष नसताना सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि १० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला. मात्र गोष्ट इथे संपवून टाळ्या घेता येत नाहीत. त्याच कंपनीवर पुढे लहान मुलांच्या पावडरीवरून हजारो खटले झाले. तिने आरोप नाकारले, पण २०२३ मध्ये ती पावडर जगभर बदलली. वचन एकदा लिहून भागत नाही. ते दर पिढीला, दर सौद्याला नव्याने पाळावे लागते, आणि ते कागदाच्या नव्हे, माणसाच्या हातून पाळले जाते.

मग नीती धंद्याला हवी तरी का? पुस्तके सांगतात, शेवटी नीतीनेच फायदा होतो. ‘शेवटी’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. भेसळ करणाऱ्याशेजारी शुद्ध तूप विकणाऱ्याने दुकान बंद केलेले मी पाहिले आहे. फायद्यासाठी धरलेली नीती फायदा संपला की सुटणारच. मला कारण दुसरेच दिसते. दिवसाकाठी आपण किती अनोळखी हातांत आपला जीव देतो ते मोजून पाहावे. औषधाची गोळी, फोडणीचे तेल, गाडीचा ब्रेक, बँकेतली पुंजी, मुलांच्या हातातली फुलबाजी. यांतले काहीच आपल्याला तपासता येत नाही. काटा न बघणाऱ्या पोराच्या जागी आज आपण सगळेच उभे आहोत. कायदा आहे, पण तो नेहमी अपघातानंतर येतो. आपला पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतर, १९८६ साली आला. अपघात आणि कायदा यांच्या मधल्या काळात आपल्याला सांभाळणारे असते ते केवळ कुठल्या तरी माणसाचे मन.

आणि दांडीला आपलाही हात असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी तिला तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद झाली; वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावले गेले, कारण माल वेळेवर जायचा होता. तो माल स्वस्त हवा होता तो आपल्यासारख्याच, सणासुदीला घरादाराला कपडे घेणाऱ्या कुटुंबांना. शेकडा दोन रुपये जास्त व्याज देणाऱ्या पतपेढीत ठेव ठेवताना हे जास्तीचे दोन कुठून येतात असे आपण विचारतो का?

दुसऱ्यांच्या पापांची यादी वाचणे सोपे असते, म्हणून घरगुती प्रसंगापाशी थांबतो. या आठवड्यात आपण बाजारात जाल. भाव ठरेल, पिशवी भरेल, आणि दुकानदार आवाज खाली आणून अदबीने विचारील, ‘काका, पावती हवी की बिनपावतीने जरा कमी करून देऊ?’ शे-दोनशे रुपयांचा प्रश्न. कुणी बघत नाही, कुणाचा जीव जाणार नाही, आणि सगळेच करतात. शेजारी आपले पोर उभे असते, आणि आपण काय उत्तर देतो ते त्याला नीट ऐकू येते.